मंगळवारी, नुगझारच्या दुकानात

मंगळवारी चारला नुगझार रेडिओ बंद करतो,
मग पंखा. मग दारावरची घंटी काढून
रुमालात गुंडाळून खिशात टाकतो,
तरी चालताना ती एकदा किणकिणतेच.
बाहेर रिओनी नदीचं पाणी. ते बंद करता येत नाही,
तेवढं तो आधीच सांगून ठेवतो साबाला.
आम्ही तिघे म्हातारे फासे मुठीत धरून बसतो.
कुतायसीत नर्दीचा डाव मुक्याने खेळायचा
म्हणजे शिव्याही गिळायच्या. या वयात जड जातं.

एतेरी येते. मागून साबा, नऊ वर्षांचा,
तळवे कानांवर, टाचा उचललेल्या, भिंतीला धरून.
पहिल्या मंगळवारी तो उंबऱ्यावरूनच परतला.
दुसऱ्यांदा लोखंडी खुर्ची गरगर फिरवली
एकशे बेचाळीस वेळा. मी मोजलं,
गणिताचा मास्तर होतो.
तिसऱ्यांदा कात्री हुंगली आणि परत दिली.

चौथ्यांदा आमच्या रोस्तोमला राहवलं नाही,
"एक ठेवून द्या मुस्काटात, सुतासारखा सरळ येईल."
एतेरी वळली. आवाज चढवला नाही.
"त्याला ऑटिझम आहे," म्हणाली. "तुम्हाला काय आहे?"
रोस्तोमने तेव्हापासून
एकही फासा जमिनीवर पडू दिलेला नाही.

आज साबा बेसिनखाली जाऊन बसला, फरशा मोजत.
नुगझारही बसला मग जमिनीवर, मांडी घालून,
त्या गुडघ्यांचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू आला.
"आता उजव्या कानामागे," तो म्हणाला, "तीन वेळा."
कच. कच. कच.
चौथी कच झाली नाही.
पोराने हात झटकले, ओले असल्यासारखे,
आणि मान स्वतःहून तसूभर पुढे केली.

मग दोघे डुलायला लागले.
आधी साबा; मग, नकळत, नुगझार,
मागे-पुढे, मागे-पुढे, एकाच तालात,
आणि माझ्या हातातला चहा गार झाला.

मी ओळखतो हे डुलणं.
एकोणीसशे चौऱ्याहत्तर, पाचवीचा वर्ग, तिसरा बाक.
मी चोवीस वर्षांचा, नवीन नोकरी, नवीन बूट.
त्या मुलाला मी माझ्या कमरेच्या पट्ट्याने
बाकाला बांधलं होतं. तास संपेपर्यंत.
वर्ग हसला. मी हसू दिलं.
तेव्हा आमच्याकडे शब्द नव्हता
असं म्हणून सुटता येईल.
पट्टा होता. त्याचं शब्दावाचून अडलं नाही.

अर्धं डोकं झालं तेव्हा साबा उठला.
"पुरे." एवढंच.
"पुढच्या मंगळवारी डावी बाजू," नुगझार म्हणाला,
आणि ते दोघे तसेच निघाले बाजारातून,
मायलेक, अर्धे केस, भर उजेडात.
पाववाली मनाना दोन घटका बघत राहिली,
मग तिने भट्टीचं दार नेहमी आपटते
ते हाताने, हळू, लोटलं.

नुगझार केस झाडत होता.
आरशाच्या कोपऱ्यात एतेरीने दिलेला कागद खोचलेला,
घड्यांवर मऊ पडलेला.
"वाचला मी, मास्तर," तो कुंच्याशी बोलल्यासारखा म्हणाला.
"साबासाठी म्हणून घेतला होता.
बाविसावी ओळ माझ्यावर आहे. तेविसावीही."

मी तोंड उघडलं. पन्नास वर्षं जिभेवर होती,
एकेक जड, एकही सुटी होईना.
त्याने खुर्ची माझ्याकडे फिरवली.
"बसा. मानेवरचे फार वाढलेत.
मशीन चालेल तुम्हाला, की कात्री?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं,
मीही कुणाला विचारलं नव्हतं.
"कात्री," मी म्हणालो.
"आता डाव्या कानामागे," तो म्हणाला, "तीन वेळा."
मी डोळे मिटून मोजत राहिलो.
घंटी अजून त्याच्या खिशातच होती.